अंगणातली शाळा

क्रांती चौकापासून पाच-सात मिनिटांच्या अंतरावर एका इमारतीचे बांधकाम चालू होते. गेल्या वर्षी तिथल्या मजुरांच्या मुलांसाठी आमच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या तुकडीने चार रविवारांचा एक वर्ग घेतला. चौकातला शिवाजी महाराजांचा पुतळा, जालना रोडवरचा पूल, १८५७ च्या बंडातल्या शिपायांना जिथे देहदंड दिला तो काळा चबुतरा, हे सारे माझ्या रोजच्या जाण्यायेण्यातले. परंतु पत्र्याच्या कुंपणाआड वीस-पंचवीस मुले राहतात, हे सरांनी सांगेपर्यंत मला ठाऊक नव्हते.

विषय होता पर्यावरण. बाजारातून आम्ही रंगीत तक्ते विकत आणले. पाणी जपून वापरा, वीज वाचवा, कचरा करू नका. ज्या घरात एक पिंप पाणी दिवसभर पुरवायचे आणि दिवा म्हणजे एकच बल्ब, त्या घरातल्या मुलांना आम्ही हे सांगत होतो! मुले मुकाट्याने बसली. बिस्किटे मिळणार हे त्यांना कळले होते. कडेला एक आठ-नऊ वर्षांची मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन उभी होती. तिच्या दुसऱ्या हातात एक गाडी होती. झिजलेल्या चपलेचा तळ गोल कापून केलेली चाके, खराट्याच्या काड्यांचे आस, वर प्लॅस्टिकची बाटली, ओढायला साडीच्या काठाची दोरी. गाडी सरळ चालत होती. भाऊ रडू लागला, तक्त्यांकडचे लक्ष उडाले, आणि आमच्यापैकी एकीने तिला सांगितले की पुढच्या खेपेला त्याला घरी ठेवून ये. ती एक म्हणजे मीच. पुढच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. गाडी मात्र त्या दिवशी गडबडीत तिथेच राहिली होती, ती आम्ही उचलून ठेवली.

हे मराठीच्या बाईंना सांगितले तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. ग्रंथालयात जाऊन अनुताई वाघांचे 'कोसबादच्या टेकडीवरून' हे आत्मचरित्र काढून माझ्या हातात ठेवले. अनुताईंच्या वाटेने मी ताराबाई मोडकांपर्यंत पोचले. अंगणवाडी हा शब्द आपण रोज ऐकतो. तो ज्यांच्या कामातून आला त्या बाईंचे नाव मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना सांगता येईल. म्हणून हा लेख.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिवराव, आई उमाबाई, आणि घरात प्रार्थना समाजाचे वारे. मुलींनी शिकायचे की नाही हा वाद ज्या काळात घरोघर चालू होता, त्या काळात या घरातली मुलगी १९१४ साली मुंबई विद्यापीठाची बी. ए. झाली. पुढच्याच वर्षी अमरावतीचे वकील कृष्णराव मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. हा संसार टिकला नाही. १९२१ साली दोघे विभक्त झाले. रत्नाकर मतकरींचे 'घर तिघांचं हवं' हे नाटक ताराबाईंच्या आयुष्यावरच बेतलेले आहे, तेव्हा ज्यांना घराच्या भिंतीआडचे जाणून घ्यायचे असेल त्यांनी तिकडे वळावे. मला त्यातली एवढीच गोष्ट महत्त्वाची वाटते की एकोणतीस वर्षांची, पदरी लहान मूल असलेली ही बाई माहेरच्या आधाराला न जाता राजकोटला बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजची प्राचार्य म्हणून गेली. मानाची, पगाराची, सुरक्षित जागा. कोणीही ती धरून ठेवली असती.

ताराबाईंनी ती दोन वर्षांत सोडली. कारण भावनगरला गिजुभाई बधेका होते. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाला कसे वाढवावे या विचारातून ते माँटेसोरीच्या पुस्तकांकडे वळले आणि वकिली टाकून १९२० साली त्यांनी दक्षिणामूर्तीत बालमंदिर उघडले. गुजरातेत लोक त्यांना मिशाळ आई म्हणत, यावरून माणूस कसा असेल त्याची कल्पना यावी. १९२३ मध्ये ताराबाई तिथे दाखल झाल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे त्या संघाची 'शिक्षणपत्रिका' मराठी वाचकांसाठी ताराबाई चालवीत. ज्या वयाच्या मुलांना आपल्याकडे काही कळत नाही असे धरून चालतात, त्या अडीच ते सहा वर्षांच्या मुलांवर मोठ्या माणसांनी गंभीरपणे लिहावे, वाचावे, भांडावे, हे त्या काळी नवलाचेच होते.

इथे माँटेसोरीच्या साधनांविषयी थोडे सांगितले पाहिजे, नाहीतर ताराबाईंनी पुढे काय केले त्याची किंमत कळणार नाही. डॉ. मारिया माँटेसोरी या इटलीतल्या वैद्य. त्यांची पहिली शाळा ६ जानेवारी १९०७ रोजी रोम शहरातल्या सान लोरेंझो या गरीब मजुरांच्या वस्तीत निघाली. मुलांच्या हातात देण्यासाठी त्यांनी मोजूनमापून साधने तयार केली. उदाहरणार्थ, एका लाकडी ठोकळ्यात दहा भोके आणि त्यांत बसणारे दहा दट्टे, कमीअधिक जाडीचे. एखादा दट्टा चुकीच्या भोकात बसवला की शेवटी एक उरतो आणि कुठेच बसत नाही. मूल स्वतःच मागे फिरते, शोधते, दुरुस्त करते. बाईंनी चूक दाखवायची गरजच नाही. खरखरीत कागदाची अक्षरे कापून लाकडावर चिकटवलेली असतात, त्यांवरून बोट फिरवता फिरवता हाताला वळण कळते. डोक्याच्या आधी हात शिकतो, असा हा सगळा विचार.

मौज अशी की मजुरांच्या वस्तीत जन्मलेली ही पद्धत आपल्याकडे आली ती चांगल्या घरच्या मुलांसाठी. साधने घोटीव लाकडाची, अचूक मापाची आणि म्हणून महाग. ताराबाई १९३२ साली भावनगर सोडून मुंबईला आल्या आणि १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू झाला. सोबत शिक्षिका तयार करणारे अध्यापन मंदिर. काम उत्तम चालले. मुंबईच्या मध्यमवर्गाने ते उचलून धरले. गिजुभाई १९३९ साली गेले. त्याच वर्षी माँटेसोरीबाई स्वतः हिंदुस्थानात आल्या आणि महायुद्धामुळे इथेच अडकल्या. आपल्या देशात बालशिक्षणाचा एवढा बोलबाला पूर्वी कधी झाला नव्हता. ताराबाईंनी शिशुविहारातच उरलेले आयुष्य काढले असते तरी त्यांचे नाव शिक्षणाच्या इतिहासात राहिले असते.

परंतु गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत नयी तालीम मांडली होती. हस्तोद्योगातून शिक्षण, आणि तेही खेड्यात. प्रारंभी ही योजना सात ते चौदा वर्षांच्या मुलांपुरती होती. १९४४ साली तुरुंगातून सुटल्यावर गांधीजी तिचा विस्तार थेट जन्मापासून करू लागले. कस्तुरबांच्या स्मरणार्थ निघालेल्या निधीचा भरही खेड्यातल्या स्त्रिया आणि मुले यांच्यावरच होता. ज्या बाईने वीस-बावीस वर्षे लहान मुलांसाठी वेचली होती तिच्यासमोर सरळ प्रश्न उभा राहिला. हे सारे खेड्यात चालेल काय? परदेशी मापाच्या साधनांवाचून चालेल काय? १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाईंनी ठाणे जिल्ह्यातल्या (आता पालघर) बोर्डी या समुद्रकाठच्या गावी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले.

त्याच वर्षी बोरिवलीला कस्तुरबा निधीच्या शिबिरात त्यांना अनुताई वाघ भेटल्या. तेराव्या वर्षी विधवा झालेल्या, पुण्यात शिक्षिकेची नोकरी करता करता रात्रशाळेतून मॅट्रिक झालेल्या अनुताई थोड्या दिवसांसाठी म्हणून बोर्डीला गेल्या, आणि सत्तेचाळीस वर्षे, म्हणजे १९९२ साली मृत्यू येईपर्यंत, त्याच कामात राहिल्या. ताराबाईंचे चरित्र अनुताईंना वगळून लिहिता येत नाही. एकीची दृष्टी आणि दुसरीचे पाय, असे मी लिहिणार होते, पण ते खरे नाही. दृष्टी आणि पाय दोघींनाही होते.

बोर्डीत प्रथम बालवाडी निघाली ती गावातल्या इमारतीत. मुले आली ती गावातली. ज्या वस्तीला तेव्हा हरिजनवाडा म्हणत तिथली मुले आली नाहीत. आपण असतो तर बोलावणी पाठवली असती, पालकांना शिक्षणाचे महत्त्व समजत नाही म्हणून हळहळलो असतो, अहवालात तसे लिहिलेही असते. ताराबाईंच्या शिक्षिका उलट वाड्यात गेल्या. एखाद्या घरापुढचे अंगण झाडायचे, तिथेच मुले गोळा करायची, हातपाय धुवायचे, केस विंचरायचे, गाणी, गोष्टी, खेळ. अंगणातली वाडी म्हणून अंगणवाडी. इमारत लागली नाही, बाके लागली नाहीत. अंगण नेहमी कोणाचे तरी असते, तेव्हा आई दारातून पाहत असते, आजी मधेच बोलते, कोंबडी शिरते. शाळा आणि घर यांमधली भिंतच नाहीशी झाली.

आता साधनांचे काय? बोर्डीच्या किनाऱ्यावर शिंपले होते. खडे, बिया, पाने, फुले, माती, बांबू होता. एवढ्या भांडवलावर बालवाडी उभी राहिली. वरवर पाहता ही काटकसर. पैसे नाहीत म्हणून शिंपले. मीही प्रथम तसेच समजले होते. पुढे पुस्तकाबरोबर स्वतः करून पाहिल्यावर निराळे दिसले. सुखना नदीच्या पात्रातले दहा खडे मी घरी आणले आणि लहानमोठ्याप्रमाणे लावू लागले. दट्ट्याच्या ठोकळ्यात एकच उत्तर असते. खड्यांत तसे नसते. हा लांबट आहे पण हलका, तो बसका आहे पण जड. उंचीने लावायचे की वजनाने, हे आधी ठरवावे लागते. म्हणजे जे साधन स्वस्त म्हणून आले तेच मुलाला जास्त विचार करायला लावते. शिवाय त्यात आणखी एक गोष्ट आहे. विकतचे साधन बाईंचे असते, हरवले तर रागावतात. शिंपला मुलाने स्वतः वेचून आणलेला असतो. तो कुठे सापडतो, कधी सापडतो, हे बाईंपेक्षा त्यालाच जास्त ठाऊक असते. पहिल्याच दिवशी मूल जाणकार होऊन वर्गात बसते.

पर्यावरण हा शब्द ताराबाईंच्या काळी शाळेत कोणी उच्चारीत नव्हते. पण आपल्याभोवती जे आहे त्यातूनच लागेल ते करायचे, मोडले तर नीट करायचे, आणि काम झाल्यावर ते मातीत परत जाईल असे असावे, हे त्या बालवाडीतल्या मुलाला न सांगता कळत होते. आमच्या तक्त्यांत जे छापलेले होते ते त्यांच्या हातात होते.

पुढे पन्नाशीच्या दशकात हे काम बोर्डीहून कोसबादच्या टेकडीवर गेले. हा डहाणूचा वारली मुलूख. जमीन सावकार-जमीनदारांची आणि राबायचे वारल्यांनी, वेठीने. याच भागात १९४५ साली गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठीविरुद्ध उठाव केला होता. बाहेरून आलेल्या स्वच्छ कपड्यांच्या माणसाने त्यांचे कधी भले केल्याचा अनुभव नव्हता, तेव्हा बाई दिसल्या की मुले रानात पळत यात आश्चर्य ते काय? आणि पळाली नाहीत तरी यायची कशी? थोरली मुले गुरांमागे जायची. थोरल्या मुली धाकट्या भावंडांना सांभाळायच्या, कारण आई मजुरीला.

हे वाचताना पुस्तक माझ्या हातात जड झाले. कडेवर भावाला घेऊन उभी असलेली मुलगी ताराबाईंच्याही दारात उभी होती.

त्यांनी तिला भावाला घरी ठेवून ये असे सांगितले नाही. एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा अशी रचना केली आणि तिला विकासवाडी हे नाव दिले. तान्हे मूल पाळणाघरात, मधले बालवाडीत, थोरली बहीण शाळेत. सगळे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर. भाऊ रडला तर ती उठून जाऊ शकते, आणि परत येऊ शकते. हे परत येणे फार मोलाचे. आणि जी मुले गुरांमागे कुरणात जात, त्यांच्यासाठी शिक्षक कुरणात जाऊ लागले. ही कुरणशाळा. मोजायला गुरे आहेत, ओळखायला झाडे आहेत, सावली सरकते तसा वेळ कळतो. शाळेने मुलाची वेळ पाळायची, मुलाने शाळेची नव्हे. शिक्षणशास्त्राच्या ग्रंथांतून मला जे कधी कळले नव्हते ते या दोन व्यवस्थांनी कळले.

मात्र सगळेच मनास पटले असे नाही. आंघोळ घालणे, विंचरणे, नखे कापणे यांवर बालवाडीचा इतका भर का? खरूज, डोळे येणे, उवा यांनी मुले हैराण असत, तेव्हा त्याची गरज होती हे खरे. तरी शहरातल्या बाईने वारल्याच्या पोराला घासून स्वच्छ करावे यात थोडा वरून पाहण्याचा भाव येतोच. कारवीच्या कुडाला शेणमाती लिंपून, गेरूवर तांदळाच्या पिठाने लग्नाचे चौक काढणाऱ्या बायांच्या घरातली ही मुले. वाया न घालवता कसे राहावे हे त्यांना कोणी शिकवायला नको होते. ताराबाईंना हे दिसले होते, असे त्यांच्या साधनांवरून वाटते. प्रत्येक शिक्षकाला दिसले असेल असे म्हणवत नाही. आमच्या सरांचे मत निराळे आहे. ते म्हणतात, जिला मुलाचे नाक पुसायची किळस वाटते तिने त्याच्या संस्कृतीविषयी बोलू नये. हा वाद आमच्यात अजून मिटलेला नाही.

बाकीचे थोडक्यात सांगते. १९४६ ते १९५१ ताराबाई मुंबईच्या विधिमंडळात होत्या. १९६२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांपासून सुरू केली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. आज देशाच्या कोपऱ्याकोपऱ्यात ते पोचले आहे. नाव पोचले, पोषक आहारही पोचला, आणि त्याने कितीतरी मुले वाचली असतील. पण ज्या सेविकांच्या हातावर हे सारे चालते त्यांना आजही पगार मिळत नाही, मानधन मिळते. आणि शिंपले-खड्यांच्या जागी बऱ्याच ठिकाणी भिंतीवर चिकटवलेला तक्ता असतो. तक्त्यांविषयी आता मी जास्त बोलणार नाही.

या वर्षी आम्ही पुन्हा वर्ग घेतला. त्याच भागात, दुसऱ्या बांधकामावर. तक्ते नेले नाहीत. मुलांनाच सांगितले की आजूबाजूला जे पडले असेल ते आणा. खडी, तारेचे तुकडे, सिमेंटच्या रिकाम्या गोणीचे धागे, बाटल्यांची बुचे, चिंचोके असे काय काय आले. खिळे आणि काच आम्ही बाजूला काढली. एका मुलाने बुचे तारेत ओवून खुळखुळा केला, दुसऱ्याने चिंचोके एका बाजूने घासून सोंगट्या. आमच्यापैकी दोघी फक्त तान्ही मुले सांभाळायला होत्या. त्या कामाला सुरुवातीला कोणी तयार नव्हते, आता पाळी लावावी लागते. पहिल्या दिवशी सहा मुली भावंडांना घेऊन आल्या.

जिला मी परत पाठवले होते ती त्यांत नव्हती. पहिली इमारत पूर्ण झाली आहे. तिथली कुटुंबे दुसऱ्या गावी कामावर गेली, एवढेच पहारेकऱ्याला सांगता आले. कुठल्या गावी, ते त्याला ठाऊक नव्हते. तिची गाडी आमच्या खोलीतल्या कपाटावर आहे. मुलांना दाखवायला म्हणून एकदा बाहेर काढली तेव्हा तिचे मागचे एक चाक फाटले. ते बदलायला मी झिजलेली चपल घेऊन बसले आणि दोनदा कापूनही गोल जमले नाही. शेवटी नव्या वर्गातल्या एका पोराने माझ्या हातातून कात्री घेतली, बांगडी चपलेवर ठेवली, खिळ्याने तिच्याभोवती रेघ ओढली आणि चाक कापून दिले.